माया येते, वाडा येत नाही

ॲनिमेशनच्या क्लासची जाहिरात एकदा नीट वाचा. माया, थ्रीडीएस मॅक्स, झेडब्रश, सबस्टन्स पेंटर, अनरिअल इंजिन. खाली ठळक अक्षरांत प्लेसमेंटचं आश्वासन. यात चित्रकला कुठे आहे? मुलगी येते ती चित्रं काढायला आवडतात म्हणून. तिला विकली जाते बटणांची यादी, आणि त्यासाठी घरचे कर्ज काढतात.

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, त्यामुळे साधनांच्या आयुष्याबद्दल भाबडं राहणं मला परवडत नाही. सॉफ्टइमेज हे एके काळी या धंद्यातलं मोठं नाव. ऑटोडेस्कने ते २००८ मध्ये विकत घेतलं आणि २०१५ च्या आवृत्तीनंतर बंद केलं. वेबसाठी फ्लॅशमध्ये काम करणाऱ्यांचा प्लेअर ३१ डिसेंबर २०२० ला संपला. ज्याला फक्त मेनू पाठ होता, त्याच्या हाती काय राहिलं?

माझी मावसबहीण असाच कोर्स करते. तिच्या शोरीलमध्ये एक मध्ययुगीन युरोपी खानावळ आणि एक अंतराळयानाचा बोगदा आहे. तिच्या वर्गातल्या बहुतेकांच्या शोरीलमध्येही तेच आहे, कारण शिकवायला घेतलेले व्हिडिओ तेच. काम स्वच्छ आहे, त्यात तिला नावं ठेवण्यासारखं काही नाही. पण ही मुलगी पुण्यात वाड्यांच्या गल्लीत वाढली, आणि दोन वर्षांत तिला एकदाही कुणी टेप घेऊन वाड्यात पाठवलं नाही.

पाठवलं असतं तर? एन्व्हायर्नमेंट मॉडेलिंगची पहिली पायरी ब्लॉकआउट. साध्या ठोकळ्यांनी जागा उभी करायची, मधे माणसाच्या उंचीची बाहुली ठेवायची आणि प्रमाण तपासायचं. जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा वाकायला लावतो, जिना अंधारा आणि उभा असतो, आणि तिथून चौकात आलं की एकदम आकाश. हे दाबणं आणि मोकळं करणं म्हणजेच तर गेममधल्या लेव्हलची रचना! खांबाखालचा दगडी तळखडा, वरची तुळई, कडीपाटाचं छत : एकदा बनवून पुन्हा पुन्हा जोडायचे सुटे भाग तिथे सुतारांनी आधीच करून ठेवलेत.

मग झीज. सबस्टन्स पेंटरमध्ये एक सोय आहे : वस्तूच्या सगळ्या कडा आपोआप घासल्यासारख्या दिसतात. छान दिसतं, आणि बऱ्याचदा खोटं असतं. उंबरा मधोमध झिजतो, कारण पाय तिथे पडतात. कठड्याचा रंग हात फिरतो तिथे उडतो. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून त्या अंगाच्या भिंती आधी काळवंडतात. हे सॉफ्टवेअरला माहीत नसतं. ज्याने भिंतीसमोर बसून स्केचबुक भरलंय त्याला असतं. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना आपण वस्तुचित्र आणि स्मरणचित्र काढत होतो. तोच हा अभ्यास. आपण तो दहावीच्या वाढीव गुणांसाठी वापरला आणि सोडला.

'इंडस्ट्रीला सॉफ्टवेअर येणारी माणसं लागतात,' हे क्लासवाल्यांचं ठरलेलं उत्तर. लागतात, मान्य. टोपॉलॉजी, यूव्ही ही शिकावीच लागणारी कारागिरी आहे, आणि कॉम्प्युटरवरचं चित्र म्हणजे चित्रच नव्हे म्हणणाऱ्या कलाशिक्षकांशीही माझं पटत नाही. पण त्या इंडस्ट्रीचा भरवसा किती? 'लाइफ ऑफ पाय'चे व्हीएफएक्स करणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूजने फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, आणि त्याच महिन्यात त्या कामाला ऑस्कर मिळालं. कंपनीची कार्यालयं मुंबई आणि हैदराबादलाही होती. आणि साधनाचंच म्हणाल, तर लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोदिसचा 'फ्लो' ब्लेंडरमध्ये तयार झाला आणि त्याने २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर घेतलं. ब्लेंडर फुकट आहे.

म्हणजे फी नेमकी कशाची? पालकांनी समुपदेशकाला कॉम्प्युटर लॅब दाखवायला सांगू नये. दुसऱ्या वर्षाच्या मुलांची स्केचबुकं मागावीत, आणि ती निघाली नाहीत तर चेकबुक पिशवीतच ठेवावं.