पाऊस वाढला की टीव्ही गप्प का होतो?

बाहेर मुसळधार पाऊस, जिल्ह्याला रेड अलर्ट, नदीचे पाणी कुठवर आले ते पाहायला टीव्ही लावावा तर पडद्यावर एकच ओळ : सिग्नल उपलब्ध नाही. कोकणात, घाटमाथ्यावर किंवा कोल्हापूर-सांगलीच्या पूरपट्ट्यात ज्यांच्या छपरावर डीटीएचची छत्री आहे, त्यांना हा अनुभव नवा नाही. स्थानिक बातमी सर्वाधिक हवी असते, नेमकी तेव्हाच ती जाते.

सिग्नल अडतो कुठे?

सिग्नल येतो सुमारे 36 हजार किलोमीटरवरून, पण पाऊस त्याला गाठतो शेवटच्या पाच-सहा किलोमीटरमध्ये. डीडी सह्याद्री ज्या डीडी फ्री डिशवर दिसते, तिचे प्रक्षेपण जीसॅट-15 या उपग्रहावरून होते. तो विषुववृत्ताच्या वर, 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. त्यामुळे रत्नागिरीतली छत्री आग्नेयेकडे, क्षितिजापासून साधारण 60 अंश वर पाहत असते. त्या दिशेला दोन-तीन किलोमीटरवर जोरदार सर कोसळत असेल, तर तुमचे अंगण कोरडे असतानाही चित्र गोठू शकते. उलट, दिवसभर रिपरिप चालू असूनही मालिका सुरळीत दिसते. पाऊस किती वेळ पडतो यापेक्षा तो किती जोराने पडतो, याला इथे महत्त्व आहे.

डीटीएचच्या ‘कू बँड’ लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. मुसळधार सरीतले मोठे थेंब चार-पाच मिलिमीटरचे असतात. ते या लहरींची ऊर्जा शोषतात आणि विखुरतात. केबलचालकाच्या गच्चीवरच्या मोठ्या तबकड्या ‘सी बँड’वर चालतात. तिथे लहर साडेसात सेंटिमीटरची, म्हणून पावसाचा त्रास किरकोळ. मग सगळ्यांनाच सी बँड का नाही? कारण त्यासाठी दोन-तीन मीटरची तबकडी लागते, तर कू बँडची 60 सेंटिमीटरची छत्री खिडकीबाहेरही बसते. स्वस्त आणि सुटसुटीत सोयीसाठी आपण पावसाचा धोका पत्करला आहे. गंमत म्हणजे, थेंब लहरी विखुरतात या गुणावरच हवामान खात्याचे डॉप्लर रडार पाऊस हेरते.

काही वाहिन्या जातात, काही राहतात

अँटेनाच्या काळात सिग्नल क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, पण निवेदकाचा आवाज तरी ऐकू यायचा. डिजिटलमध्ये एका मर्यादेपर्यंत चित्र लख्ख, त्याखाली चौकोन चौकोन आणि मग काहीच नाही. सगळ्या वाहिन्या एकदम जात नाहीत, यालाही कारण आहे. पडणारा मोठा थेंब चपटा होतो, त्यामुळे आडव्या ध्रुवणाच्या लहरी उभ्या लहरींपेक्षा जास्त क्षीण होतात. शिवाय एचडी वाहिन्यांना बहुधा अधिक चांगला सिग्नल लागतो. एचडी गेली तर तीच वाहिनी एसडीवर लावून पाहा, कधी कधी मिळते.

मात्र सगळे खापर पावसावर फोडू नये. मोठी सर ओसरली की चित्र आपोआप परतते. ते तासन्‌तास येत नसेल किंवा रिमझिमीतही जात असेल, तर दोष छपरावर आहे. उन्हाळ्यात वानरांनी छत्री हलवलेली असते, एलएनबीच्या जोडणीत पाणी शिरून गंज चढलेला असतो, नाहीतर आंब्याची फांदी आडवी आलेली असते. किंचित सरकलेली छत्री मोकळ्या आकाशात काम भागवते, पावसात तेवढीही सवलत उरत नाही. छत्री प्लास्टिकने झाकू मात्र नका. ओल्या प्लास्टिकवरचा पाण्याचा थर सिग्नल आणखी कमी करतो. आणि भर पावसात छपरावर चढण्याइतकी कोणतीच बातमी मोठी नसते.

आता मुद्द्याचे. कुठला पूल बंद आहे हे सांगणारी शहरातली केबलवरची स्थानिक वाहिनी उपग्रहावर जातच नाही, ती तारेतून घरात येते. पाऊस तिला अडवत नाही, पण वीज गेली की ती संपली. वाड्यावस्त्यांवर केबल पोहोचलेली नाही, तिथे तिचा उपयोग नाही. दूरदर्शनच्या जमिनीवरच्या मनोऱ्यांचा तिसरा मार्ग होता, पण ते जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर 2022 पर्यंत बहुतांश बंद झाले. खर्च पाहता तो निर्णय समजण्यासारखा आहे. आणीबाणीच्या वेळी त्याची जागा कोण घेणार, हे मात्र कोणी ठरवले नाही. मोबाइल, असे म्हणाल तर 22 जुलै 2021 रोजी चिपळूण पाण्यात गेले, तेव्हा विजेबरोबर मोबाइलही ठप्प झाले होते. 2023 मध्ये मोबाइलवर आपत्कालीन इशाऱ्याची चाचणी झाली. तो इशाराही टॉवर चालू असेल तरच पोहोचणार.

राहतो तो रेडिओ. एफएमची लहर सुमारे तीन मीटरची, मध्यम लहरी तर शेकडो मीटरच्या. पावसाचा थेंब त्यांना जाणवतही नाही. विजा चमकल्या की मध्यम लहरींवर खरखर होते, इतकेच. पाणीपातळी आणि बंद रस्त्यांची माहिती जिल्हा प्रशासन समाजमाध्यमांवर टाकते. तीच माहिती पावसाळ्यापुरती तरी जवळच्या आकाशवाणी केंद्रावरून दर तासाला, ठरलेल्या मिनिटाला वाचून दाखवावी. त्यासाठी नवा उपग्रह लागत नाही. घरात सेलवर चालणारा रेडिओ आणि केंद्राच्या जनरेटरमध्ये डिझेल एवढे पुरे.