चटईचं कौतुक

परक्या घरी जाताना हातात काहीतरी असावं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. फिजीत तर त्यावाचून गावात पाऊलच टाकायचं नसतं!

२०१९ साली माझे आतेदीर नोकरीनिमित्त सुवाला होते. मुलांना आजीकडे ठेवून आम्ही दोघं गेलो, आणि त्यांच्या ओळखीने सिंगाटोकाकडच्या एका खेड्यात एक रात्र राहिलो. "वहिनी, टोपी, गॉगल चालत नाही. खांदे, गुडघे झाकलेले हवेत. पोरांच्या डोक्यावरून हात फिरवू नका," भाऊजींनी बजावलं. म्हटलं, मग साडीच बरी!

बाजारातून यंगोनाच्या मुळ्यांची जुडी घेतली. हे झाड मिरीच्या कुळातलं. जुडी गावप्रमुखापुढे ठेवून येण्याची परवानगी मागायची, या रीतीला 'सेवुसेवु' म्हणतात. मग मुळ्यांची पूड पाण्यात कालवून करवंटीतून देतात. एक टाळी, 'बुला' म्हणायचं, एका दमात प्यायचं, मग तीन टाळ्या. चव मातकट, जीभ बधिर. ह्यांनी दुसरी करवंटीही घेतली!

जेवण जमिनीतल्या भट्टीतलं. तापलेल्या दगडांवर पानांत गुंडाळलेले मासे, कोंबडी आणि अळूचे कंद.

रात्री यजमानीणबाईंनी आमच्यासाठी नवी चटई अंथरली. केवड्याच्या जातीची पानं वाळवून, त्यांच्या पट्ट्या काढून विणलेली, काठाला रंगीत लोकरीची झालर. मी सारखी हात फिरवून म्हणत होते, "किती सुंदर!" सकाळी निघताना बाईंनी तीच चटई गुंडाळून माझ्या हातात दिली. मी नको नको म्हणाले, तर त्यांचा चेहरा उतरला. भाऊजी हळूच म्हणाले, "वहिनी, घ्या. इथे वस्तूचं फार कौतुक केलं की ती देणं भाग पडतं. तुम्हाला सांगायचं राहिलंच."

आठवड्यांची मेहनत ती, आणि मी एका 'सुंदर'वर उचलली! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिशवीत कुणाला द्यायला म्हणून आणलेला खण होता, तो त्यांना दिला. त्यांनी तो खिडकीला धरून पाहिला आणि हसल्या. त्याने माझ्या मनाची टोचणी काही गेली नाही.

चटई आता आमच्या बाहेरच्या खोलीत असते. परवा शेजारच्या काकू तिच्यावर हात फिरवत म्हणाल्या, "अगंबाई, किती सुंदर गं!"

मी चहा टाकायला आत पळाले.