बॉण्डवरचा प्लॉट आणि विसरलेली इनाम जमीन

तालुक्याच्या गावाला रस्ता झाला, कचेऱ्या आल्या की आधी जमिनीला भाव येतो आणि त्याच्या मागोमाग दलाल येतो. जळकोटही त्याला अपवाद नाही. लातूर जिल्ह्याच्या टोकाला, नांदेडच्या मुखेड-कंधारला चिकटलेला हा डोंगराळ, जिरायत मुलूख. इथला माणूस पोटासाठी ऊसतोडीला जातो, पुण्या-मुंबईला जातो, हैदराबादला जातो. तालुका झाला, तहसील आली, पुढे नगर पंचायत आली आणि ज्या रानात कुसळाशिवाय काही उगवत नव्हते तिथे चुन्याच्या रेघा ओढून 'प्लॉट विक्रीस उपलब्ध' असे फलक लागले.

आपल्या समाजात आता चार पैसे गाठीला असलेला एक वर्ग उभा राहिला आहे. तो बाबासाहेबांच्या पुण्याईने उभा राहिला हे वेगळे सांगायला नको. शिक्षक आहेत, एस.टी.चे वाहक आहेत, पोलीस आहेत, पुण्याच्या कंपनीत लागलेली पोरे आहेत. सेवानिवृत्तीचे पैसे हातात आले किंवा दोन वर्षांची शिल्लक साठली की पहिला सल्ला मिळतो, 'एखादा प्लॉट घेऊन टाका.' आम्ही या सल्ल्याच्या विरोधात नाही. उलट जमीन हा विषय आपल्या सभा-संमेलनांतून जवळजवळ हद्दपार झाला आहे, ही आमची तक्रार आहे. जयंतीच्या वर्गणीवर आपण रात्रभर भांडतो. सातबारावर मात्र कुणी अर्धा तास बोलत नाही.

काही मित्र म्हणतात की प्लॉटचा धंदा हा भांडवलदारी धंदा आहे, आंबेडकरवाद्याने त्यात पडू नये. ते 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'चा दाखला देतात. १९४७ च्या त्या निवेदनात बाबासाहेबांनी शेती हा राज्याचा उद्योग व्हावा, जमीन राज्याच्या मालकीची असावी आणि ती जातपात न पाहता गावकऱ्यांना कसायला द्यावी, अशी मांडणी केली होती, हे खरेच आहे. पण ती मांडणी या देशाने स्वीकारली नाही. जमीन खासगीच राहिली आणि ती ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडेच राहिली. आता आपण तत्त्वासाठी भूमिहीन राहायचे आणि बाकीच्यांनी रस्त्याकडेच्या जमिनी घेत सुटायचे, हा कुठला आंबेडकरवाद? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी तुरुंग भरले. त्याच्याही आधी १९५३ साली मराठवाड्यात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने पडीक आणि गायरान जमिनींसाठी सत्याग्रह केला. ती माणसे जमीनच मागत होती.

तेव्हा प्रश्न घ्यावी की नाही हा नाही. सुरुवात कुठून करायची, हा आहे. आमचे म्हणणे असे की सुरुवात प्लॉटवाल्याच्या फलकापासून करू नये. ती आपल्याच गावच्या तलाठी कार्यालयापासून करावी.

कारण मराठवाड्यातल्या कितीतरी घरांची जमीन कागदावर आहे आणि घरच्यांना तिचा पत्ता नाही. आजोबा-पणजोबांना गावकीच्या कामापोटी मिळालेली इनाम जमीन, जिला कुणी हाडोळा म्हणते, कुणी महारकी म्हणते. निजामाच्या राज्यात तिच्या नोंदी उर्दूत झाल्या, काही ठिकाणी मोडीत. आपल्या माणसाला दोन्ही वाचता येत नव्हते आणि वाचून दाखवणारा गावचा पाटील-पटवारीच. पश्चिम महाराष्ट्रातली महार वतने १९५८ च्या कायद्याने गेली. आपल्याकडे १९५४ चा हैदराबादचा इनाम निर्मूलन कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्या लागू झाल्या. जमीन कसणाऱ्याच्या नावाने लागली, पण अटीवर. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. याच अटीच्या जमिनीला आज भोगवटादार वर्ग २ म्हणतात. सिलिंगची वाटप झालेली जमीन, सरकारने भूमिहीनाला दिलेली जमीन, १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याच्या १९९१ च्या शासन निर्णयाने मिळालेली गायरानाची जमीन, या साऱ्यांवर अशीच अट आहे.

आता गंमत पाहा. जमीन विकता येत नाही म्हणून तिला भाव नाही असे आपल्या माणसाला सांगितले जाते. लग्नाला, दवाखान्याला पैसे लागले की गावचाच एखादा सावकार शंभर रुपयांच्या बॉण्डवर सही घेतो, थोडे पैसे देतो आणि जमीन कसायला घेतो. पाच-दहा वर्षे जातात. पुढे रस्ता येतो. मग तोच माणूस तालुक्याला चकरा मारून नजराणा भरायची तयारी दाखवतो, वारसांना शोधून सह्या घेतो आणि एकरावर विकत घेतलेली जमीन गुंठ्यावर विकायला काढतो. त्यातलाच एखादा प्लॉट, ज्याची ती जमीन होती त्याचाच नातू पुण्याहून येऊन बाजारभावाने विकत घेतो! अशी उलटी गंगा वाहू द्यायची नसेल तर आधी जुने कागद काढले पाहिजेत. मराठवाड्यात त्याचा पाया म्हणजे १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून त्याची नक्कल मागता येते. त्यापासून आजच्या सातबारापर्यंत कोणकोणते फेरफार झाले, कुणाचे नाव कोणत्या फेरफाराने कमी झाले, हे एकेक नंबर धरून पाहावे लागते. काम किचकट आहे, पण त्याला पैसे फारसे लागत नाहीत, चिकाटी लागते.

शेजारच्या कर्नाटकात, म्हणजे जळकोटकरांची सोयरीक आहे त्या बिदरकडे, १९७८ पासून वेगळा कायदा आहे. अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेली जमीन परवानगीशिवाय विकली गेली तर तो व्यवहारच रद्द होतो आणि जमीन मूळ कुटुंबाला परत मिळू शकते. किती काळानंतर दावा करता येईल यावर वाद झाला, तेव्हा २०२३ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून मुदतीची अडचणही काढली. महाराष्ट्रात इतका स्वच्छ, केवळ आपल्यासाठी केलेला कायदा नाही. पण अटीचा भंग ही तक्रारीची जागा इथेही आहे. आणि अनुसूचित जातीच्या माणसाच्या जमिनीवर सवर्णाने बेकायदा कब्जा करणे हा अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे, हे आपल्या कार्यकर्त्यांनी पोलीस ठाण्यात जाण्यापूर्वी पाठ करून ठेवावे. इनामाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. मदतमाश इनामाची जमीन वर्ग १ करण्याचा नजराणा बाजारभावाच्या ५० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. आपले इनाम कोणत्या प्रकारचे होते यावर पुढचे सगळे ठरते, म्हणून पुन्हा जुन्या कागदाकडेच यावे लागते.

ज्यांच्या घराण्यात इंचभरही जमीन नव्हती त्यांचे काय? इथे व्यवस्थेचा विनोद असा की शेतजमीन घ्यायला गेले की शेतकरी असल्याचा पुरावा मागतात. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमीन ठेवू दिली नाही त्यांनाच विचारायचे, तुझा सातबारा कुठे आहे! अशा दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन कुटुंबांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. सरकार जमीन विकत घेऊन ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत देते. पूर्वी त्यात निम्मे कर्ज होते, २०१८ पासून शंभर टक्के अनुदान आहे. विधवा आणि परित्यक्ता भगिनींना प्राधान्य आहे. अडचण एकच, जिरायतीला एकरी ५ लाख आणि बागायतीला ८ लाख ही कमाल किंमत. रस्त्यालगत या भावात कुणी जमीन देणार नाही हे सांगायला ज्योतिषी नको. पण डोंगराकडच्या आतल्या गावांत विकणारा शोधणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. समाजकल्याण खात्याचा साहेब तुमच्यासाठी बांधाबांधाने फिरणार नाही. योजनेत पैसा पडून राहतो आणि आपण निवेदने देत राहतो.

आता प्लॉटकडे येऊ. जळकोटच्या आसपास २ गुंठे, ३ गुंठे असे जे विकले जाते ते पुष्कळदा शेतजमिनीचेच तुकडे असतात. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरले आहे. त्याहून लहान तुकड्याचे, मंजूर ले-आउट नसताना, खरेदीखत अडते. म्हणून विकणारा म्हणतो, 'बॉण्ड करून देतो, नोटरी करून देतो, ताबा देतो.' किंवा दहा जणांच्या नावावर मिळून अर्धा एकर करून देतो. यातला पहिला प्रकार मालकी देतच नाही. स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. मुखत्यारपत्रावरची विक्री ही विक्री नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केले आहे. दुसऱ्या प्रकारात नाव लागते, पण 'सामायिक' म्हणून. आपला कोपरा कोणता हे सातबारा सांगत नाही आणि दहातल्या एकाने भांडण काढले की दहाही अडकले.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने अध्यादेश काढून नगर पंचायतीसारख्या क्षेत्रांतले १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे असे तुकड्यांचे व्यवहार विनाशुल्क नियमित करण्याचा मार्ग मोकळा केला. ज्यांचे जुने तुकडे आहेत त्यांनी लाभ जरूर घ्यावा. पण दलाल आता हाच अध्यादेश दाखवून नवे तुकडे विकणार, 'पुढे-मागे सरकार करतेच नियमित.' त्या तारखेनंतरच्या बॉण्डला हा अध्यादेश काही कामाचा नाही. अकृषिक आदेशाचा क्रमांक, मंजूर ले-आउटचा नकाशा, सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातला बँकेचा बोजा, तीस वर्षांचा सर्च आणि सरकारी मोजणी, एवढे पाहून झाल्याशिवाय इसार देऊ नये. आणि नगराला आपल्या महापुरुषाचे नाव दिले आहे, विकणारा भेटल्याबरोबर जय भीम घालतो, म्हणून यातले एकही कलम सोडू नये. जय भीम हा अभिवादनाचा शब्द आहे, तो टायटल सर्च नव्हे.

पैशाबद्दल थोडे. १९१८ साली लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर लिहिताना बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की जमीन लहान की मोठी हे नुसत्या क्षेत्रफळावर ठरत नाही, तिच्यावर लावायला भांडवल, अवजारे किती आहेत यावर ठरते. प्लॉटलाही हेच लागू आहे. सगळी पुंजी घालून, वर शेकडा तीन रुपयांनी खासगी कर्ज काढून घेतलेला प्लॉट म्हणजे गळ्यातला दगड. त्यावर भिंत उभी राहत नाही, भाडे येत नाही, अडचणीला विकायला काढला तर त्या आठवड्यात गिऱ्हाईक नसते. त्यापेक्षा गावठाणातली आपली जुनी जागा नीट नावावर करून तिथे दोन खोल्या भाड्याच्या काढणे पुष्कळांना परवडेल. तालुक्याला शिकायला येणाऱ्या आपल्याच मुलांना खोली मिळत नाही. आडनाव विचारून दार लावणारे घरमालक आजही आहेत. तिथे आपला भाडेकरू आपल्या खोलीत राहिला तर पैसाही आला आणि अपमानही टळला. अशा खोल्या, असे गाळे पत्नीच्या किंवा मुलीच्या नावाने घ्यावेत असे आम्ही सुचवू. दारूच्या उधारीत गेलेल्या जमिनींची यादी काढली तर त्यात बाईच्या नावाची जमीन क्वचित सापडेल.

बुद्ध विहारांच्या जागांचेही हेच दुखणे आहे. लोकवर्गणीतून जागा घेतली, पण त्या वेळी ट्रस्ट नव्हता म्हणून दस्त एखाद्या प्रतिष्ठित माणसाच्या नावे झाला. तो माणूस गेला, मुलांनी वारस नोंद केली. आता मुलगा म्हणतो, जागा बापाची. ज्या गावात असे दस्त आहेत तिथे मूळ माणूस हयात आहे तोवर धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदवून जागा न्यासाच्या नावे करून घ्यावी. आणि तलाठ्याने फेरफाराची नोटीस लावली की हरकत घ्यायला १५ दिवस असतात. ती नोटीस चावडीवर लागते. ऊसतोडीला गेलेल्या माणसाला ती दिसत नाही, म्हणून गावात राहिलेल्या कुणीतरी एकाने दर आठवड्याला जाऊन ती वाचायची.