कुंडीतली माती आणि घरातले विष

गेल्या चैत्रातली गोष्ट. संध्याकाळी आमच्याच गल्लीतल्या एका काकूंना घरच्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात आणले. तोंडातून सारखी लाळ, डोळ्यांतून पाणी, दरदरून घाम, दोन उलट्या झालेल्या. ऊन लागले असावे, असा घरच्यांचा समज. डोळ्यांत बॅटरी मारून पाहिले तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या! ऊन लागून बाहुल्या अशा बारीक होत नाहीत.

"काकू, आज शेतावर गेला होतात का?"

"छे हो डॉक्टर. गच्चीवर कुंड्या भरत होते."

मग उलगडा झाला. मोगऱ्याच्या आणि कोथिंबिरीच्या कुंड्यांत हुमणी निघाली होती. दिरांनी पूर्वी उसासाठी आणलेले फोरेटचे दाणे लोणच्याच्या जुन्या बरणीत शिल्लक होते. काकूंनी ते मूठभर घेऊन उघड्या हातांनी मातीत कालवले. हे विष कातडीतूनही अंगात भिनते. ॲट्रोपिनचे इंजेक्शन देऊन त्यांना लगेच जिल्ह्याच्या दवाखान्यात धाडले. चौथ्या दिवशी त्या घरी आल्या. आज ठणठणीत आहेत.

या विषाला आपण सर्रास 'औषध' म्हणतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. औषध म्हटले की माणूस निर्धास्त होतो. जागतिक आरोग्य संघटनेने फोरेट अत्यंत घातक विषांच्या पहिल्या वर्गात घातले आहे. भारत सरकारने 2018 साली आदेश काढून 31 डिसेंबर 2020 पासून त्यावर बंदी आणली. पण बंदी आली म्हणून माळ्यावरच्या बरण्या आपोआप रिकाम्या होत नाहीत. शिवाय हे विष मुळांतून शोषले जाऊन पानांत उतरते. म्हणजे कोथिंबीर कितीही धुतली तरी पानाच्या आतले विष जात नाही. तुळशीचे पान तर आपण तसेच तोंडात टाकतो.

बरे, माती फेकून द्यायची का? माझे स्पष्ट मत, मुळीच नाही. चांगली पोयट्याची माती आणि शेणखत आता फुकट मिळत नाही, आणि टाकलेल्या मातीतली कीड शेजाऱ्याच्या परसात जाते ते वेगळेच. आपल्याकडे वैशाखाचे ऊन असताना विषाची गरजच काय? ओल्या मातीवर प्लास्टिक अंथरून उन्हाने कीड-रोग मारण्याची ही रीत इस्रायलमधले शास्त्रज्ञ काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 साली शास्त्रीय पद्धतीने मांडली.

कुंडी पालथी करून माती गच्चीवर पसरा. मुळ्या, काड्या, दिसतील त्या अळ्या वेचून काढा. साळुंक्या आल्या तर हाकलू नका, त्या आपले अर्धे काम करतात. माती आधी जरा शिंपडून घ्या, म्हणजे धूळ नाकातोंडात जात नाही. दमेकऱ्यांनी तोंडाला रुमाल बांधावा. मग माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, इतकी ओली करा. कोरड्या मातीत उष्णता खोल जात नाही. चार बोटे जाडीचा थर करून त्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणा आणि कडांना चारही बाजूंनी विटा ठेवा. काळे प्लास्टिक स्वतःच तापते, पारदर्शकातून ऊन थेट मातीपर्यंत पोचते. चार ते सहा आठवडे तसेच राहू द्या. अळ्या, अंडी, सूत्रकृमी आणि बऱ्याचशा बुरश्या त्यात मरतात. मांजरांनाही मातीत घाण करता येत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण मांजराच्या विष्ठेतून होणारा एक संसर्ग पोटातल्या बाळाला बाधतो. गरोदर बायकांनी हे काम दुसऱ्या कोणावर सोपवावे. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी आणि हातमोज्यांशिवाय मातीत काम करू नये. धनुर्वाताची लस सगळ्यांनीच वेळेवर घ्यावी.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या. उन्हाने कीड मरते, पण मातीत कालवलेले विष निघून जाईल असा भरवसा धरता येत नाही. काकूंच्या त्या दोन कुंड्यांतली माती मी पुन्हा वापरू दिली नाही. विहीर, हापसा आणि गोठा यांपासून लांब खड्डा करून ती पुरायला लावली. आणि असा प्रसंग घरात कोणावर आलाच, तर कपडे उतरवून अंग साबणाने धुवा, मिठाचे पाणी पाजत बसू नका आणि विषाची बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठा. हे करताना आपल्या हाताला ते विष लागू देऊ नका.

तापवलेल्या मातीत उपयोगी जिवाणूही कमी झालेले असतात. म्हणून नव्याने कुंडी भरताना चांगले कुजलेले शेणखत मिसळा आणि मूठभर निंबोळी पेंड घाला. अर्धकच्चे शेण घालू नका. हुमणी बहुधा त्यातूनच घरात येते, काकूंकडेही तसेच झाले होते. कुंडीखालची ताटली आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा. डेंग्यूच्या डासाची अंडी ताटलीच्या कडेला चिकटून महिनोन् महिने कोरडी तग धरतात.

मृगाच्या आधी कुंड्या भरून झाल्या की आठ-पंधरा दिवस त्यांवर जाळी बांधून ठेवा. पहिला वळीव पडला की हुमणीचे भुंगे संध्याकाळी बाहेर पडतात आणि दिव्याकडे झेपावतात. तेवढे दिवस गच्चीवरचा दिवा बंद ठेवलेला बरा.