मध्यरात्रीची ओकारी

देवासहून एका वाचक भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. त्यांचा मुलगा सात वर्षांचा असून स्वमग्न आहे. दहा-पंधरा शब्दांपलीकडे तो बोलत नाही. गेले चार महिने, कधी आठ दिवसांनी तर कधी पंधरा दिवसांनी, मध्यरात्री तो एकाएकी उठतो आणि ओकतो. ताप नाही, जुलाब नाहीत. सकाळी पुन्हा नेहमीसारखा झोपाळ्यावर जाऊन बसतो. रक्त, लघवी, शौच यांच्या तपासण्या झाल्या, पोटाची सोनोग्राफी झाली. सर्व काही ठीक असल्याचे कागद सांगतात. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, जाऊबाईंनी अतिलाडाचा ठपका ठेवला, आणि एका दवाखान्यात त्यांना सांगण्यात आले की, अशा मुलांचे असेच चालायचे. हे खरोखरच त्याच्या स्वमग्नतेतले आहे काय, आणि असेल तर आपण उशाशी तसराळे घेऊन आणखी किती रात्री बसायचे, असे भगिनी विचारतात.

आम्ही वैद्य नव्हे, मुलांना भाषा शिकविणारे. रोगाचे निदान या स्तंभातून करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु ‘अशा मुलांचे असेच चालायचे’ या वाक्याविषयी बोलण्याचा अधिकार शिक्षकास निश्चित आहे. कारण शाळेतही हेच वाक्य वेगवेगळ्या वेषांत आमच्या कानी येत असते.

हे वाक्य आजचे नाही. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वृत्त प्रसिद्ध केले आणि स्वमग्नतेचे पहिले रेखीव वर्णन जगापुढे ठेवले. त्या अकरांपैकी सहा मुलांना जन्मापासूनच खाण्यापिण्याची मोठी अडचण होती. एक मूल तर पहिल्या वर्षी फार ओकत असे. निरीक्षण अचूक होते. अर्थ मात्र त्यांनी असा लावला की, अन्न हे बाहेरच्या जगाचे पहिले आक्रमण, आणि ही मुले ते परतवून लावतात. मुलाचे पोट दुखत असेल, ही साधी शक्यता एवढ्या मोठ्या वैद्याच्याही मनात दुय्यम ठरली! पुढे काही काळ तर आईच्या थंडपणामुळे मुले अशी होतात, असेही पंडित सांगत होते. तो दोष आता शास्त्राने पुसून टाकला आहे, तरी जाऊबाईंच्या तोंडून तो अद्याप निघतो, हे पत्रावरून दिसतेच. २०१० साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांनी एकत्र बसून मार्गदर्शन केले, त्याचा मथितार्थ असा की, स्वमग्न मुलाच्या पोटाची तक्रार इतर कोणत्याही मुलाच्या तक्रारीइतक्याच कसोशीने तपासावी. आणि ज्या मुलाला सांगता येत नाही, त्याचे वागणे हेच कधी कधी दुखण्याचे एकमेव चिन्ह असते. रात्रीचे जागणे, पोट टेबलाच्या कडेवर दाबून धरणे, छातीवर मारून घेणे, सारखा घसा साफ करणे, हीदेखील बोलीच होय.

आता आमच्या परिचयातील एका घरची हकीकत सांगतो. इंदुरातील जुन्या वाड्यातले कुटुंब; मुलगा नऊ वर्षांचा, स्वमग्न. त्यालाही असाच रात्रीचा त्रास होता. घरात तर्क तीन: रात्रीचे दूध, जंत आणि दृष्ट. दूध बंद झाले, जंताची गोळी झाली, दृष्ट निघाली, ओकारी कायम. त्या घरच्या आजी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचा हिशेब मांडतात. त्याच चौकटीत त्यांनी ओकारीची वेळ, झोपी गेल्याची वेळ आणि रात्रीचे जेवण लिहावयास आरंभ केला. तीन महिन्यांनी ती पाने उलटताना असे ध्यानात आले की, ओकारी घड्याळाला बांधलेली नाही, जेवणालाही नाही. ती झोपेला बांधलेली आहे. झोप लागल्यावर तास-दीड तासाने ती येई. लग्नघरी मुलगा एक वाजता झोपला, त्या रात्री ती अडीचला आली.

आजींनी आणखी एक गोष्ट हेरली, आणि आमच्या मते खरी कमाल तिथे आहे. ओकण्यापूर्वी मुलगा पांढराफटक पडे, डोळे एका बाजूला वळत, आणि हाक मारली तरी तो वळून पाहत नसे. आता तो मुलगा दिवसासुद्धा हाकेला वळत नाही. त्यामुळे या गोष्टीचे कोणास नवल वाटले नव्हते. परंतु चिवड्याच्या डब्याचे झाकण वाजले की तो कोठूनही धावत येतो, हे आजींना ठाऊक होते. एका रात्री त्यांनी तो डबा त्याच्या कानाशी वाजविला. मुलगा ढिम्म. काकांनी पुढच्या खेपेस मोबाईलवर चित्रण केले, ते बालमेंदूतज्ज्ञांना दाखविले, आणि त्यांनी झोपेतला मेंदूच्या विद्युत्-लहरींचा आलेख काढावयास सांगितले. तो अपस्माराचा एक प्रकार निघाला. हातपाय न झाडता, केवळ ओकारी, फिकटपणा आणि वळलेले डोळे या रूपानेही झटका येऊ शकतो, हे १९८० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. पॅनायोटोपोलस यांनी लहान मुलांच्या बाबतीत विशेषेकरून दाखवून दिले. स्वमग्न मुलांत अपस्माराचे प्रमाण इतरांहून अधिक असते, म्हणून तिकडे लक्ष हवेच.

याचा अर्थ प्रत्येक ओकारी फेफऱ्याची, असे मुळीच नव्हे. बहुधा कारण याहून साधे निघते. आडवे झाल्यावर जठरातील आम्ल वर येणे हे एक. तुंबलेला मलावरोध हे दुसरे. रोज थोडे शौचास होत असले तरी मलावरोध असू शकतो, आणि तो ध्यानातच येत नाही. सर्दी-खोकल्याची उबळ, चालू असलेले एखादे औषध, ही आणखी. काही मुलांना ठरावीक अंतराने, एकाच साच्याच्या ओकाऱ्यांचे सत्र येते व मधल्या काळात ती ठणठणीत असतात, लंडनचे डॉ. सॅम्युअल गी यांनी १८८२ साली त्याचे वर्णन केले असून अर्धशिशीशी त्याचे नाते मानतात. शिवाय स्वमग्न मुले पुष्कळदा अखाद्य वस्तू तोंडात घालतात: माती, खडू, भिंतीचे पोपडे. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे २०१७ पासून कडक मर्यादा असली, तरी जुन्या वाड्यांच्या भिंतींवर जुनाच रंग आहे. आणि पोटात गेलेले शिसे ओकारी व मलावरोध दोन्ही घडविते. डॉक्टरांना हे आपण होऊन सांगावे, ते विचारतीलच असे नाही.

काही खुणा मात्र सकाळची वाट पाहण्याच्या नव्हेत. ओकारी हिरवी किंवा रक्ताची असणे. पोट फुगून कडक होणे. डोके धरून रडणे किंवा मान ताठणे. मूल गुंगीत जाणे. आठ-दहा तास लघवी न होणे. झटक्यासारखी अवस्था पाच मिनिटांहून अधिक टिकणे. बटणासारखी चपटी बॅटरी किंवा लोहचुंबक गिळल्याचा संशय. यांपैकी एक जरी दिसले तरी त्याच पावली रुग्णालय गाठावे. पहाटे-पहाटे ओकारी, डोकेदुखी आणि चालण्यात तोल जाणे असे एकत्र आले, किंवा वजन घटू लागले, तर त्याच आठवड्यात तज्ज्ञांस भेटावे.

पथ्याविषयी दोन शब्द. गहू आणि दूध बंद करा म्हणजे स्वमग्नताच जाईल, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. २०१० च्या त्याच मार्गदर्शनात, सर्व स्वमग्न मुलांना असे पथ्य सांगण्याइतका पुरावा नाही, असे स्पष्ट म्हटले होते. एखाद्या मुलास दूध खरोखर सोसत नसेल, तो भाग निराळा. तो तपासूनच ठरवावा. ज्या मुलाच्या पानात मुळात पोहे, पोळी आणि दहीभात एवढेच चालते, त्यातून पोळी आणि दही काढून घेतले तर उरते काय, हा प्रश्न पथ्य सांगणाऱ्यांना आम्ही आदरपूर्वक विचारू इच्छितो.

रात्री प्रत्यक्ष करावयाचे ते थोडके आहे. मुलास कुशीवर वळवावे, तोंडात बोट घालू नये, झटक्याचा संशय असल्यास पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीही पाजू नये. शुद्धीत असल्यास दहा मिनिटे थांबून जलसंजीवनी चमच्या-चमच्याने, दोन-तीन मिनिटांच्या अंतराने द्यावी. ओकारी थांबविण्याची उरलेली गोळी कपाटातून काढून देऊ नये. दिवा एकदम लखकन् लावू नये. या मुलांना त्याचाच अधिक त्रास होतो. आणि भगिनींनी एकटीने जागू नये. यजमानांनी आळीपाळीने रात्री वाटून घ्याव्यात, असे आम्ही त्यांच्या यजमानांना या स्तंभातूनच सांगतो. ते हे मासिक वाचतात, असे पत्रात लिहिलेले आहे.

खर्चाची चिंताही पत्रात आहे. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही विमा योजना स्वमग्न व्यक्तींसाठी १ लाख रुपयांपर्यंत असून बाह्यरुग्ण तपासण्यांचाही तीत समावेश आहे. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ते काढले नसेल तर त्यास लागावे.

दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवावे की नाही, असेही भगिनींनी विचारले आहे. मूल ताजेतवाने असेल व पाणी पोटात राहत असेल तर जरूर पाठवावे; केवळ वर्गशिक्षिकेस दोन ओळींची चिठ्ठी द्यावी. रात्री किती वाजता काय झाले हे तिला कळले, तर दुपारी मुलगा बाकावर डोके टेकून झोपला असता ती त्याला उठविणार नाही, आणि झोपेत काही निराळे दिसल्यास तेही चिठ्ठीच्या पाठीमागे लिहून धाडील.