जुनें सोनें आणि संग्रहाची हौस

तिकिटें, नाणीं, शंखशिंपले, फार काय, आगपेट्यांवरील चित्रेंसुद्धां जमविण्याचा नाद आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस आहे, व तो त्यांच्या पालकांस अनेकदां वेळेचा अपव्यय वाटतो. आम्हांस तसें वाटत नाहीं. मात्र वस्तु जमविणें निराळें आणि तिचें रक्षण करणें निराळें, हा भेद मुलांस लवकर कळावा असें आम्हांस फार वाटतें. आणि तो दाखविण्यास युरोपांतील प्राचीन जर्मानिक लोकांच्या दागिन्यांच्या संग्रहाइतकें बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

इसवी सनाच्या पांचव्या शतकांत पश्चिमेकडील रोमन साम्राज्य ढासळलें व फ्रँक, गॉथ, अँग्लो-सॅक्सन इत्यादि लोकांनीं तेथें आपलीं राज्यें स्थापिलीं. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांस 'रानटी' हें विशेषण ठरलेलें असे. पण त्यांच्या सोनारांचें काम पाहिलें म्हणजे तो शब्द लिहितांना हात अडखळतो. सोन्याच्या पातळ पट्ट्या उभ्या डाकून बारीक कप्पे करावयाचे. गार्नेटचा, म्हणजे आपले जव्हेरी ज्यास तामडा म्हणतात त्या डाळिंबी खड्याचा, पातळ काप प्रत्येक कप्प्याच्या आकाराबरहुकूम घासून आंत बसवावयाचा. आणि त्याच्या खालीं बारीक चौकड्यांची नक्षी उठविलेला सोन्याचा पत्रा घालावयाचा. मग आंत शिरलेला प्रकाश पत्र्यावरून परत फिरतो व खडा निखाऱ्यासारखा दिसतो. इंग्लंडांत सटन हू येथें १९३९ सालीं पुरलेल्या जहाजांत सांपडलेले खांद्यावरील सोन्याचे आंकडे याच रीतीचे आहेत. तें धन जमिनीच्या मालकीण श्रीमती एडिथ प्रेटी यांचें, असा पंचांनीं निकाल दिला. आणि बाईंनीं तें सर्व ब्रिटिश म्यूझियमला देऊन टाकिलें.

सर्वच धनाचें दैव असें नव्हतें. हल्लीं बेल्जममध्यें असलेल्या तूर्ने गांवीं १६५३ सालीं खोदकाम चाललें असतां एका गवंड्यास शिल्डेरिक या फ्रँक राजाची कबर लागली. हा राजा ४८१ च्या सुमारास वारला. त्याच्या नांवाची मुद्रा, तरवारीचीं कोंदणकामाचीं भूषणें आणि तामड्याचे पंख असलेल्या शेंकडों सोन्याच्या मधमाशा तींत होत्या. शिफ्ले नांवाच्या वैद्यानें त्या वस्तूंचा अभ्यास करून १६५५ सालीं चित्रांसह ग्रंथ छापिला. पुढें तें धन फ्रान्सचा राजा चौदावा लुई याजकडे गेलें, आणि १८३१ च्या नोव्हेंबरांत पॅरिसच्या राजकीय ग्रंथालयांतून चोरांनीं तें लांबविलें. बहुतेक सोनें मुशींत वितळलें, कांहीं वस्तु सीन नदींतून वर काढिल्या. मधमाशांपैकीं दोनच उरल्या आहेत. आज त्या कबरीविषयीं जें कांहीं आपण जाणतों, तें मुख्यतः त्या वैद्याच्या ग्रंथामुळें. चोरांना सोनें नेतां आलें, नोंद नेतां आली नाहीं.

केंट परगण्यांतील धर्मोपदेशक ब्रायन फॉसेट यांनीं अठराव्या शतकांत शेंकडों अँग्लो-सॅक्सन थडगीं उकरिलीं. त्यांची घाई आजच्या शास्त्राच्या कसोटीस उतरणार नाहीं. पण कोणत्या थडग्यांत काय निघालें हें ते वहींत टिपून ठेवीत. १७७१ सालीं किंग्स्टन येथें त्यांस मिळालेला सोन्याचा वाटोळा ब्रोच त्या काळच्या कारागिरीचा कळस गणला जातो. पुढें त्यांचा संग्रह विकावयास निघाला, तेव्हां ब्रिटिश म्यूझियमच्या विश्वस्तांनीं तो घेण्याचें चक्क नाकारिलें! १८५४ सालीं लिव्हरपूलच्या जोसेफ मेयर नांवाच्या सोनारानें तो अभंग विकत घेतला, १८५६ त फॉसेट यांच्या वह्या छापून निघाल्या, आणि १८६७ त मेयर यांनीं आपला संग्रह शहरास अर्पण केला. विद्वान् विश्वस्तांना जें कळलें नाहीं, तें एका दुकानदारास कळलें, ही गोष्ट आम्हां शिक्षकांनीं विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

म्हणून खासगी संग्राहक तेवढे वाईट, असें म्हणणाऱ्यांच्या पक्षांत आम्ही नाहीं. आमचा आक्षेप मुक्या वस्तूंवर आहे. विकावयास आलेल्या ब्रोचाच्या चिठ्ठीवर 'जुन्या संग्रहांतून' एवढेंच लिहिलेलें असलें, तर तो कोणाच्या अंगावर होता, शेजारीं काय होतें, कबर कोणत्या काळची, हें सर्व कायमचें पुसलें गेलें असें समजावें. असा ब्रोच विकत घेणारा पुढच्या उकरणाऱ्यास आगाऊ मजुरीच देत असतो.

इंग्लंडांत १९९६ च्या कायद्यानें असें धन सांपडल्यास चौदा दिवसांत कळविणें बंधनकारक केलें, व बक्षिसाचीही सोय ठेविली. २००९ सालीं स्टॅफर्डशायरांत एका शेतांत सुमारें चार किलो सोनें निघालें. शोधणाऱ्यानें तें कळविलें, आणि ठरलेली ३२ लक्ष ८५ हजार पौंड किंमत त्यास व शेतकऱ्यास वांटून मिळाली. उलट, २०१५ सालीं हेरफर्डशायरांत दोघांनीं सोन्याची अंगठी, कडें, स्फटिकाचें पदक व सुमारें तीनशें नाणीं लपवून विकण्यास आरंभ केला. २०१९ सालीं ते तुरुंगांत गेले. पण त्या वेळेपर्यंत एकतीसच नाणीं हातीं लागलीं होतीं.

नोंदीनें काय साधतें, याचें एक उदाहरण आपल्या देशाशीं निगडित आहे. फ्रँकांच्या कबरींतील तामड्याचे काप शास्त्रज्ञांनीं किरणांनीं तपासले, तेव्हां पांचव्या-सहाव्या शतकांतले पुष्कळ खडे हिंदुस्थान व सिंहलद्वीप येथील खाणींचे ठरले. सातव्या शतकाच्या सुमारास मात्र ते विरळ होऊन त्यांची जागा बोहेमियांतील लहान खड्यांनीं घेतली. हा पालट समुद्रमार्ग तुटल्यामुळें झाला कीं आवड बदलल्यामुळें, यावर पंडितांत वाद आहे. आणि तो वाद करतां येतो तो केवळ ज्यांच्या कबरीचा ठावठिकाणा व काळ लिहून ठेविलेला आहे, अशाच दागिन्यांच्या आधारावर.