शंखातला पाहुणा आणि आपली कोरडी हवा

सुटीत कोकणात किंवा गोव्यास जाऊन आलेल्या कुटुंबांच्या सामानात काजू, कोकम, आंबापोळी यांबरोबर कधी कधी एक अनपेक्षित जिन्नस निघतो. किनाऱ्यावर हौसेने वेचलेल्या शंखांपैकी एक शंख घरी आल्यावर चालू लागतो! मुलांच्या आनंदास मग पारावार उरत नाही. कोणी हाच प्राणी हैदराबाद-पुण्याकडील रंगीत माशांच्या दुकानातून प्लास्टिकच्या डबीत घालून विकत आणतात. दोन्ही घरी प्रश्न एकच उभा राहतो : ह्यास ठेवावे कोठे आणि जगवावे कसे? बिदर, भालकी, बसवकल्याण व कलबुर्गी येथील काही वाचकांनी हा प्रश्न आम्हांस विचारला आहे. म्हणून या महिन्याचे हे पान त्या पाहुण्याच्या नावे.

इंग्रजीत ह्यास 'हर्मिट क्रॅब' म्हणजे संन्यासी खेकडा असे म्हणतात. आम्ही त्यास शंखवासी खेकडा म्हणू, कारण संन्यस्त वृत्तीचा त्याच्या ठायी लवलेश नाही. तो समूहाने राहणारा, घरावरून भांडणारा, पक्का संसारी प्राणी आहे. त्याच्या शरीराचा पुढचा भाग कवचाचा, परंतु पोट मात्र मऊ आणि पिळदार. ते झाकण्यासाठी तो मेलेल्या समुद्री गोगलगाईचा रिकामा शंख शोधतो, त्यात पाठमोरा शिरतो आणि मागच्या आखूड पायांनी तो धरून ठेवतो. भय वाटले की आत सरकतो आणि मोठ्या नांगीने दार लावून घेतो.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. कोकणच्या किनाऱ्यावर, ओहोटीनंतर खडकांतील डबक्यांत जे शंखवासी खेकडे दिसतात, ते बहुतेक समुद्राच्या पाण्यातच जगणारे असतात. त्यांना पिशवीत घालून आणणे म्हणजे मासा फडताळात ठेवण्यासारखे आहे. ते घाट चढून येईपर्यंतच बहुधा प्राण सोडतात. मालवणच्या समुद्राचा काही भाग तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेथील जीव उचलणे कायद्यालाही मान्य नाही. म्हणून किनाऱ्यावर शंख उचलला की तो वाळूवर ठेवून थोडा वेळ वाट पाहावी. आतून पाय बाहेर आले, तर तो शंख नव्हे, कोणाचे तरी राहते घर आहे. ते तेथेच राहू द्यावे.

दुकानात मिळणारा प्राणी निराळा. तो जमिनीवर राहणारा, शास्त्रज्ञ ज्यास 'सीनोबिटा' म्हणतात त्या कुळातला. आपल्या देशात अंदमान व लक्षद्वीप बेटांवर ह्या कुळातील जाती आढळतात. काचेच्या पेटीत ठेवता येतो तो हाच. आणि पुढे आम्ही जे सांगणार आहोत ते त्याच्याविषयी.

जमिनीवरचा असला तरी त्याचा श्वास कल्ल्यांचाच. कल्ले ओले असतील तोवरच त्यांतून प्राणवायू आत जातो. हवा कोरडी झाली की ते सुकू लागतात आणि प्राणी हळूहळू गुदमरतो. हे एका दिवसात घडत नाही. काही आठवडे जातात, आणि म्हणूनच पाळणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. अन्न दिले, पाणी दिले, मुलांनी जीव लावला, तरी तो गेला कसा, हे कोडे त्या घरास अखेरपर्यंत उलगडत नाही. आता आपल्या मुलखाचा विचार करावा. बिदर हे समुद्रापासून शेकडो कोस दूर, दोन हजार फुटांहून अधिक उंचीच्या जांभ्याच्या पठारावर वसलेले. थंडीत तेथील रात्री चांगल्याच गार. कलबुर्गीस मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. ज्या हवेत गच्चीवरच्या कुरडया दिवसभरात खडखडीत वाळतात, त्या हवेत ह्या जिवाचे कल्ले किती काळ ओले राहणार? ह्यास पाळणे म्हणजे, थोडक्यात, काचेच्या पेटीत कोकणची हवा साठवून ठेवणे होय. उरलेले सर्व उपचार ह्या एका गोष्टीच्या पोटात येतात.

दोन-तीन लहान खेकड्यांसाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी काचेची पेटी घ्यावी. तिला जाळीचे झाकण नको. काचेचे किंवा जाड पारदर्शक प्लास्टिकचे, नीट बसणारे झाकण हवे. अन्न-पाणी बदलण्यासाठी ते रोज उघडले जाते, तेवढी हवा पुरते. आत 'हायग्रोमीटर' नावाचे हवेतील ओल मोजणारे यंत्र व तापमापक ही दोन साधने वाळूच्या पातळीजवळ लावावीत. ओल शेकडा ७५ ते ८५ आणि तापमान २४ ते २९ अंश सेल्सिअस, हे आकडे मुलांकडून वहीत रोज लिहून घ्यावेत. विज्ञानाचा ह्याहून चांगला गृहपाठ आम्हांस सुचत नाही.

पेटीत पाच भाग स्वच्छ धुतलेली बारीक वाळू आणि एक भाग रोपवाटिकेत मिळणारा नारळाच्या काथ्याचा भुसा असे मिश्रण निदान सहा इंच भरावे. खेकडा मोठा असेल तर त्याच्या उंचीच्या तिप्पट. बांधकामावरची वाळू घेऊ नये, तीत चुना-सिमेंट असते. ओल किती ठेवावी? दिवाळीचा किल्ला केलेल्या मुलांस हे सांगावे लागत नाही : मुठीत दाबल्यावर लाडू वळला जावा, पण बोटांतून पाणी गळू नये. एवढ्या वाळूचे वजन पस्तीस-चाळीस किलो भरते, तेव्हा पेटी आधी भक्कम मेजावर ठेवावी आणि मगच भरावी. लपण्यास नारळाची करवंटी उत्तम. आपल्याकडच्या शहाबादी फरशीचा तुकडाही चालतो. मात्र दगड पेटीच्या तळावरच टेकवावा. वाळूवर ठेवला तर खाली उकरणाऱ्या जिवावर तो कोसळेल.

ऊन पेटीवर येता कामा नये, काचेत ते भट्टीसारखे तापते. उन्हाळ्यात पेटी आतल्या, गार खोलीत ठेवून भोवती ओले फडके गुंडाळावे. थंडीत ऊब देणारी विजेची पातळ गादी पेटीच्या मागील काचेस बाहेरून, वाळूच्या पातळीच्या वर लावावी. तळाखाली कधीही नव्हे, कारण तो ऊब टाळण्यासाठीच खाली उकरत असतो.

पाण्याच्या दोन वाट्या हव्यात, एक गोड्या पाण्याची व एक खाऱ्या. दोन्ही त्यास बुडी मारता येईल इतक्या खोल, आणि चढून येण्यास आत खडे. नळाचे पाणी दिवसभर उघड्या भांड्यात ठेवल्यास त्यातील क्लोरीन बहुतांशी निघून जातो. हे भांडे तांब्याचे नसावे. आपणांस गुणकारी वाटणारे तांबे ह्या जातीच्या जिवांना विषासमान आहे. खाऱ्या वाटीसाठी स्वयंपाकातले मीठ उपयोगाचे नाही, त्यात समुद्राचे इतर क्षार नसतात. मत्स्यपेटीसाठी मिळणारे समुद्री मीठ लिटरला सुमारे ३५ ग्रॅम घालावे.

खाण्याच्या बाबतीत हा अतिथी साधा आहे. पपई, केळे, ओले खोबरे, बिनमिठाचे शेंगदाणे, उकडलेले अंडे, वाळलेला बिनमिठाचा जवळा, ह्यांपैकी चिमूटभर रोज संध्याकाळी ठेवावे आणि सकाळी उरलेले काढावे. तेल, मीठ, मसाला, कांदा-लसूण वर्ज्य. कवचासाठी चुना लागतो. काष्ठौषधींच्या दुकानातला समुद्रफेन त्यास फार मानवतो. आणखी एक दक्षता : ज्या खोलीत पेटी असेल तेथे डास मारण्याच्या वड्या व फवारे वापरू नयेत. जे औषध डासास मारते, ते खेकड्यासही मारते.

आता त्याच्या घराविषयी. अंग वाढते तसा त्यास मोठा शंख लागतो, म्हणून प्रत्येकामागे तीन-चार रिकामे शंख, थोडे कमीअधिक मापाचे व गोल तोंडाचे, उकळून आणि थंड करून ठेवावेत. रंगवलेले शंख घेऊ नयेत. रंगाचे पोपडे त्याच्या पोटात जातात. काही जातींच्या शंखांस वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा विकत घेताना चौकशी करावी. निसर्गात मोठा शंख रिकामा झाला की हे प्राणी मापाप्रमाणे रांगेत उभे राहतात; थोरला नव्या घरात गेला की त्याच्या घरात धाकटा, त्याच्या घरात त्याहून धाकटा. बदल्यांच्या मोसमात सरकारी क्वार्टर्स ज्या क्रमाने रिकामी होतात व भरतात, तोच हा प्रकार! परंतु किनाऱ्यावरचे शंख आपण वेचून नेतो, तेव्हा ह्या रांगेतले घरच नाहीसे होते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंटरनेटवरील छायाचित्रे तपासली, तेव्हा जमिनीवरच्या १६ जातींपैकी १० जातींचे खेकडे बाटल्यांची झाकणे वगैरे माणसाचा कचरा पाठीवर वागवताना आढळले. दिवाणखान्यातल्या शोभेच्या कपाटाची ही दुसरी बाजू आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. हा प्राणी वाढताना कात टाकतो. त्यासाठी तो वाळूत खोल जातो आणि तेथे, लहान असेल तर काही आठवडे आणि मोठा असेल तर दोन-तीन महिने, निपचित राहतो. नवे कवच मऊ असते आणि टाकलेली कात खाऊन तो ते टणक करतो. ह्या काळात त्यास उकरून काढणे म्हणजे मारणेच. कलबुर्गीच्या आमच्या परिचयातील एका घरी असेच घडले. दुकानदाराने कातीविषयी अवाक्षरही सांगितले नव्हते. खेकडा दिसेना म्हणून आईने वाळू उपसली; हाती आला तो फिकट, लिबलिबीत जीव. मेला समजून तिने तो कुंडीत पुरला. मुलीने नंतर पेटीत पाहिले तर रिकामी कात पडलेली. खेकडा मेला नव्हता, वाढत होता. त्या मुलीची समजूत काढणे कोणासच साधले नाही, आणि आईस तरी दोष कसा द्यावा? म्हणून सांगतो : तो खाली गेला की तारीख लिहून ठेवावी व हात आवरावा. सडक्या मासळीचा वास सुटला, तरच संपले असे समजावे. एरवी वाट पाहणे हीच त्याची सेवा.

हे सारे वाचून ज्यांचा उत्साह टिकला असेल, त्यांनी आणखी दोन गोष्टी तोलून पाहाव्यात. नीट सांभाळल्यास हा प्राणी तीस वर्षांहूनही अधिक जगू शकतो. म्हणजे आज चौथीतले मूल शिकून नोकरीस लागेल, तेव्हाही पेटीत कोणीतरी ओल मोजत असावे लागेल. दुसरे असे की, ह्याची पिले समुद्रात वाढतात. पेटीत त्यांची निपज करणे फारच थोड्यांना जमले आहे. तेव्हा दुकानातला जवळजवळ प्रत्येक शंखवासी कोठल्या तरी किनाऱ्यावरून उचलून आणलेला असतो, आणि एकट्यास ठेवणे त्याच्या स्वभावाविरुद्ध असल्याने आपणांस असे दोन आणावे लागतात.

आमची सूचना अशी की, आधी पेटी सजवून पंधरा दिवस रिकामीच चालवावी. वहीतले आकडे त्या पंधरा दिवसांत, शक्य तर वैशाखात, स्थिर राहिले तर पुढचा विचार करावा. न राहिले तर एक पेटी वाया गेली, जीव नव्हे. ज्यांच्या घरी पाहुणा आधीच आला आहे, त्यांनी कंटाळून तो कारंजा धरणात किंवा मांजरेच्या पात्रात सोडू नये. ते त्याचे माहेर नव्हे, तेथे तो जगत नाही. त्यांनी आज संध्याकाळीच जाळीचे झाकण काढून काच बसवावी. वाळू, शंख, समुद्री मीठ ह्यांसाठी चार दिवस लागले तरी चालतील. ओल मात्र आज हवी.